ओलं वळण, खारी हवा आणि पुढची टूरिंग बाईक

नवीन टूरिंग बाईक येणार म्हटलं की चर्चा सुरू होते ती सीसी, पॉवर आणि टॉप स्पीडची. पण कोकणातल्या रेवस ते रेड्डी सागरी मार्गाने जो फिरतो त्याला विचारा, तिथे मोकळा सरळ रस्ता मिळतो कुठे, त्यामुळे पॉवर आहे तेवढी पुरे. आम्हाला हवंय ते ओल्या वळणावर ब्रेक मारता येणं आणि खाऱ्या हवेत बाईक टिकणं.

आधी वळण. 25 मीटर त्रिज्येचं वळण ताशी 40 ने घेतलं तर बाईक साधारण 27 अंश झुकते आणि टायरला बाईक-रायडरच्या वजनाच्या निम्म्याएवढा जोर नुसतं वळण्यासाठीच लावावा लागतो. कोरड्या डांबरावर चांगला टायर वजनाच्या 80 टक्के तरी पकड देतो, म्हणजे ब्रेकसाठी बरीच शिल्लक राहते. पण आंबा घाटात पाऊस पडतोय, वरून जांभ्याची लाल माती वाहून आलीय, आणि पकड वजनाच्या निम्म्यावर आली की ती सगळी वळण्यातच संपली, आणि नेमका तेव्हाच समोरून एसटीचा लाल डबा येतो.

भारतात 125 सीसीच्या वरच्या नव्या मॉडेलना एप्रिल 2018 पासून एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सिस्टिम, सक्तीचं झालं, खूप चांगलं झालं. पण साधं एबीएस चाक लॉक होतंय का एवढंच बघतं, बाईक किती झुकलीय हे त्याला कळत नाही. आणि झुकलेल्या बाईकचा पुढचा ब्रेक एकदम दाबला की ती उभी राहायला बघते, वळण सोडून बाहेर जाते. कॉर्नरिंग एबीएसमध्ये एक सेन्सर हा झुकाव सतत मोजतो आणि त्या हिशोबाने ब्रेकचा दाब हळूहळू वाढू देतो. ही सिस्टिम 2013 मध्ये केटीएम 1190 अ‍ॅडव्हेंचरवर आली, नंतर त्यांच्याच छोट्या 390 अ‍ॅडव्हेंचरवरही मिळाली. त्याने नवी पकड तयार होत नाही, स्पीड कमी ठेवायलाच लागतो, पण आहे ती पकड वाया जात नाही. हे महागड्या बाईकपुरतं राहू नये असं मला मनापासून वाटतं.

वजनही कमी हवं. दाभोळला ओहोटीच्या वेळी शेवाळलेल्या उतारावरून सामान लादलेली बाईक फेरीबोटीत चढवून बघा, कळेल.

आता मीठ, ज्याबद्दल कंपन्या सगळ्यात कमी बोलतात. बाईक पुसून पडवीत लावली तरी गंज चढतोच, कारण मीठ हवेतली वाफ ओढतं. आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ आपोआप विरघळतं, आणि समुद्राच्या मिठातलं मॅग्नेशियम क्लोराईड तर 33 टक्क्यांनाच. आपल्याकडे हवा एवढी कोरडी होते कधी? म्हणजे धातूवर खाऱ्या पाण्याचा पातळ थर जवळजवळ कायमच. त्यात इंजिनचं कव्हर अ‍ॅल्युमिनियमचं आणि बोल्ट स्टीलचा, दोन वेगळे धातू आणि मधे खारं पाणी, की वीज वाहायला लागते आणि अ‍ॅल्युमिनियम झिजतं. बोल्टच्या डोक्याभोवती पांढरी भुकटी दिसते ना, ती हीच. ती आट्यांमध्ये ठासून बसते, मग मेकॅनिकने पाना लावला की बोल्ट फिरायच्या ऐवजी तुटतो आणि ड्रिल मारून काढावा लागतो.

यावर उपाय आहेत, चांगलं कोटिंग केलेले बोल्ट, आट्यांना बोल्ट जाम होऊ न देणारं अँटी-सीझ ग्रीस, सीलबंद वायरिंग कनेक्टर, झाकलेली चेन किंवा परवडत असेल तर चेनऐवजी बंद दांड्याने चाक फिरवणारी शाफ्ट ड्राइव्ह. टेस्टही आहे, 35 अंशाला 5 टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं पार्टवर सोडतात आणि गंज किती तासांनी दिसतो ते बघतात. ते तास ब्रोशरमध्ये पॉवर आणि टॉर्कच्या शेजारी छापा, मग रत्नागिरी-मालवणचा माणूस शोरूममध्ये आधी तोच आकडा वाचेल.