बारा कट्ट्यांची एक सळई

कंपाउंडचं गेट बदलायचं म्हणून मध्यंतरी नाशिकच्या सातपूरला एका फॅब्रिकेशनवाल्याकडे दोन-तीन चकरा झाल्या. गेट जुनं, लोखंडी. कडी मात्र कधीतरी स्टेनलेसची बसवलेली. कारागिरानं गॅस कटर पेटवला आणि लोखंडी पट्टी बघता बघता दुभंगली. कडीपाशी आल्यावर त्यानं नॉब बंद केला. "साहेब, ही एसएस आहे. गॅसनं नाही कटायची. ग्राइंडर मारावा लागेल."

इतक्या प्रखर ज्योतीला बोटभर कडी आवरू नये, हे काही पटेना. घरी येऊन वाचायला बसलो आणि वाचता वाचता भलत्याच ठिकाणी पोहोचलो. पोलीस पकडतात त्या कट्ट्यांचं, म्हणजे गावठी पिस्तुलांचं, पुढे काय होतं, या प्रश्नापाशी.

नाशिकच्या पेपरांत अधूनमधून ठरलेली बातमी असते : 'एक गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसे हस्तगत.' बातमी तिथे संपते, कट्ट्याचा प्रवास तिथून सुरू होतो. पंचनामा, लाखेचं सील, मुद्देमाल कक्ष, न्यायवैद्यक प्रयोगशाळा, परत मुद्देमाल कक्ष. खटला आणि अपील संपेपर्यंत तो पुरावा असतो, त्याला धक्का लावता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यातल्या कलम ३२ नुसार दोष सिद्ध झाल्यावर न्यायालय तो सरकारजमा करू शकतं. मधे किती वर्षं जातात ते कोर्टाची पायरी चढलेल्यांना सांगायला नको.

प्रयोगशाळेतला एक प्रकार मला फार आवडतो. कारखान्यात बनलेल्या पिस्तुलावर नंबर ठोकलेला असतो, चोर तो कानशीनं घासून टाकतात. पण ठोकताना पोलादाचे कण पार खालपर्यंत दबलेले असतात. दिसणारा आकडा गेला तरी खालची दबलेली जागा तशीच राहते. त्या जागेवर तांब्याचा क्षार मिसळलेलं हायड्रोक्लोरिक ॲसिड फिरवलं की दबलेले कण शेजारच्यांपेक्षा वेगानं विरघळतात आणि गेलेला आकडा थोडा वेळ उमटतो. फोटो तेवढ्यात काढून घ्यायचा. (गावठी कट्ट्यावर सहसा नंबरच नसतो, म्हणजे तिथे ही कला वाया.)

तर आता सरकारजमा शस्त्र मोडीत काढण्याची कापाकापी. गॅस कटर लोखंड वितळवून कापतो असं मी समजत होतो. तो खरं म्हणजे लोखंड जाळतो. ज्योतीनं जागा ९०० अंशांच्या आसपास तापवायची, मग लिव्हर दाबून शुद्ध ऑक्सिजनचा झोत सोडायचा. तापलेलं लोखंड त्या ऑक्सिजनमध्ये पेट घेतं आणि स्वतःच्याच उष्णतेवर पुढे जळत जातं. खाली पडतो तो फुलबाजा म्हणजे जळतं लोखंड. यात एक योगायोग कामाला येतो : लोखंड १,५३८ अंशांना वितळतं, त्याचं ऑक्साइड मात्र १,४०० च्या आतच. म्हणून ऑक्साइडची ही मळी आधी पातळ होऊन वाहून जाते आणि झोताला ताजं लोखंड मिळत राहतं. स्टेनलेसमध्ये साडेदहा टक्क्यांहून जास्त क्रोमियम असतं. त्याच्या ऑक्साइडचा पापुद्रा २,००० अंशांच्या पुढेही घट्ट धरून बसतो, ऑक्सिजन आत पोहोचतच नाही. ॲल्युमिनियमचंही तेच. माझ्या कडीचा हट्ट इथे उलगडला.

बंदुकीत हे सगळं एकत्र येतं. नळी क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाची, त्यात क्रोमियम जेमतेम टक्काभर, म्हणून ती गॅसला दाद देते. बॉडी कधी ॲल्युमिनियमची, तर आजच्या बऱ्याच पिस्तुलांची चक्क नायलॉनसारख्या प्लास्टिकची. ती कापायची नाही, यंत्रात भरडायची.

ग्राइंडरनं किंवा करवतीनं का नाही कापत? कापतात, पण करवतीचा काप दोन-तीन मिलिमीटरचा आणि साफ असतो. चांगला वेल्डर असे दोन तुकडे परत जोडून देईल. गॅसच्या कापात धातू कायमचा जळून जातो आणि कडा खडबडीत राहतात. म्हणूनच अमेरिकेत बंदूक निकामी करण्याच्या सरकारी सूचनांत टॉर्चचा प्रत्येक काप निदान पाव इंच धातू उडवणारा हवा असं म्हटलं आहे.

पण कापायचं काय? बंदूक म्हणजे नक्की कुठला भाग? अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात बंदूक म्हणजे तिची फ्रेम किंवा रिसीव्हर, म्हणजे गोळी झाडणारी यंत्रणा ज्यात बसते तो सांगाडा. नळी, घोडा, स्प्रिंग हे सुटे भाग. याचा परिणाम २०२३ मध्ये तिथल्या वर्तमानपत्रांनी उजेडात आणला. पोलिसांच्या बंदुका फुकटात नष्ट करून देणारे काही व्यावसायिक फक्त रिसीव्हर चिरडत होते आणि उरलेला माल किट म्हणून विकत होते. सगळं कायद्यात बसून! आपल्या १९५९ च्या कायद्यातल्या व्याख्येत मात्र सुटे भागही शस्त्रच धरले आहेत. या बाबतीत आपला कायदा मला जास्त शहाणा वाटतो.

नुसतं जाळून भागत नाही. २७ मार्च १९९६ ला माली देशातल्या टिंबक्टूत शांतता करारानंतर सुमारे ३,००० शस्त्रांची होळी केली गेली. लाकडाच्या जाळात दस्ते जातात, पोलादाचं पाणी उतरतं, स्प्रिंग ढिल्या पडतात. पण उघड्या जाळाला पोलाद वितळवणं जमत नाही. सांगाडे उरले, ते तिथल्या स्मारकाच्या काँक्रीटमध्ये गाडले गेले. मेक्सिकोत कुलियाकान शहरात पेद्रो रेयेस या कलावंतानं लोकांकडून जमवलेल्या १,५२७ बंदुका आधी रोडरोलरखाली घातल्या, मग भट्टीत. त्यातून झाली तेवढीच फावडी, झाडं लावायला.

पक्का मार्ग भट्टीचाच. जालन्यात सळया बनवणाऱ्या कारखान्यांत असते तशी इंडक्शन भट्टी घ्या. तिच्यात ज्योत नसते. तांब्याच्या वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारी वीज भंगारातच प्रवाह निर्माण करते आणि भंगार स्वतःच्या अंगानं तापतं. इथली माणसं बंद नळीला फार भितात. दोन्ही बाजूंनी गंजून बुजलेल्या नळीत चमचाभर पाणी अडकलं असेल आणि ती वितळलेल्या लोखंडात पडली, तर त्या पाण्याची १,६०० पटीहून जास्त वाफ क्षणात होते आणि रस बाहेर उडतो. त्यामुळे नळी आधी कापायची, मगच आत.

काडतुसांना तर त्या भट्टीत थाराच नाही. त्यातली दारू २०० अंशांच्या आसपासच पेटते. शिवाय पितळेतलं तांबं एकदा पोलादात मिसळलं की बाहेर काढता येत नाही. असं पोलाद तापवून लाटताना त्याला भेगा पडतात. काडतुसांसाठी जाड भिंतीची वेगळी फिरती भट्टी असते. फटफट वाजून झाल्यावर पितळ आणि शिसं वेगळं काढतात. शिशाचा धूर मात्र गाळावाच लागतो.

उष्णतेचं गणित असं सुटतं. अवघड असतं ते मोजणं. मुद्देमालाच्या रजिस्टरमधला नंबर आणि भट्टीच्या तोंडाशी उभा असलेला नग जुळला पाहिजे, प्रत्येक वेळी. १९०९ मध्ये लंडनहून लपवून आलेल्या वीस ब्राउनिंग पिस्तुलांपैकी एकानं २१ डिसेंबरला आपल्याच नाशिकच्या विजयानंद थिएटरात इथला कलेक्टर जॅक्सन याला टिपलं. इंग्रज सरकारला हादरवायला एकच पुरलं. दुसऱ्या टोकाला १९९७ चं अल्बानिया आहे. सरकार कोसळलं, कोठारं फुटली आणि पाच लाखांहून जास्त शस्त्रं लोकांच्या घरात गेली. ऑस्ट्रेलियानं उलट केलं. १९९६ च्या पोर्ट आर्थर हत्याकांडानंतर पैसे मोजून साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका परत घेतल्या आणि मोडीत काढल्या.

एका पिस्तुलात पोलाद किती, ते नजरेसमोर आणायचं तर बांधकामाच्या साइटवर जावं. बारा मिलिमीटरची सळई मीटरला ८८८ ग्रॅम भरते. पोलादी पिस्तुलाचं वजनही साधारण तेवढंच. म्हणजे एक पिस्तूल, एक मीटर सळई. दुकानात मिळणारी अख्खी सळई बारा मीटरची, म्हणजे डझनभर पिस्तुलं. आमच्या नव्या गेटच्या खांबांत तसल्या आठ उभ्या आहेत. गवंड्यानं त्या वाकवून रिंगा बांधल्या तेव्हा मी शेजारीच चहा पीत उभा होतो. कडी मात्र या वेळी लोखंडाचीच घेतली.