खुलासा: वजन कार्पेटच्या धाग्यांत नसतं
परफॉर्मन्स कारमधलं मूळ कार्पेट काढून पातळ, हलकं कार्पेट टाकलं की गाडीचं बरंच वजन उतरतं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे अर्धंच खरं आहे. मूळ कार्पेटचा कोपरा उलटून पाहा: धागे जेमतेम काही मिलिमीटरचे, त्यांच्या पाठीला बहुधा रबरासारखा जड थर, खाली जाड फोम किंवा नमदा. खरं वजन या थरांचं. ते तसेच ठेवून वरचं कापड बदललं, तर हाती फारसं लागत नाही.

थर काढले, तर रस्त्याचा आवाज आणि एक्झॉस्टची उष्णता आत येते. त्यामुळे थोडं वजन वाढलं तरी फ्लोअरच्या मधल्या उंचवट्यावर उष्णतारोधक फॉइल लावाच. शिवाय फ्लोअर मुळातच खाली असतो. तिथलं वजन घटल्याने गुरुत्वमध्य किंचित वरच सरकतो.

बसवताना सीटच्या बोल्टसाठी कार्पेटला ड्रिल लावू नका. फिरत्या बिटला धागे गुंडाळतात आणि कार्पेट उसवतं. टोच्याने भोक शोधून पात्याने छेद द्या. शेवटी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सोडा; खाली घडी राहिली असेल तर पेडल अडकू शकतं.