ओझोनचं भोक आणि आपलं तापलेलं कोल्हापूर

एप्रिल उजाडला की रंकाळ्यावर कुणीतरी सांगतंयच, ओझोनला भोक पडलंय म्हणून कोल्हापूर तापतंय. भावांनो, ते भोक अंटार्क्टिकावर, तेपण तिथल्या वसंतात, म्हणजे साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबर, आपला उन्हाळा कुठं आणि ते कुठं! ओझोनचा थर म्हणजे वितळून भोक पडलेली प्लास्टिकची छत्री नव्हे.

ओझोनची खरी मजा विषुववृत्तावर आहे. तिथं वर, साधारण 20 ते 35 किलोमीटरवर, वारा कधी पूर्वेकडून तर कधी पश्चिमेकडून वाहतो आणि सरासरी 28 महिन्यांत एक फेरा पुरा करतो, क्यूबीओ (क्वासी-बायेनियल ऑसिलेशन, म्हणजे साधारण दोन वर्षांचं हेलकावणं) म्हणतात त्याला. वारा फिरला की हवेचं वर-खाली होणं बदलतं, त्यानं ओझोन कमी-जास्त होतो, ओझोन अतिनील किरणं शोषून हवा तापवतो आणि ती उष्णता परत वाऱ्यावरच परिणाम करते. बऱ्याच क्लायमेट मॉडेलमध्ये, म्हणजे हवामानाचं गणित मांडणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्राममध्ये, ओझोन आधीच ठरवून भरलेला असतो, कारण ओझोन कसा बनतो-मोडतो ते रसायनशास्त्रही सोबत चालवायचं तर कॉम्प्युटरला लई घाम फुटतो, मग वारा बदलला तरी ओझोन हलत नाही आणि हा परतीचा परिणाम गायबच. आपल्या उन्हाळ्याला हरितगृह वायू आणि शहरातलं काँक्रीट पुरेसं आहे.