वेदर फवारणीला, क्लायमेट लागवडीला

सांगोल्याजवळ मामाची डाळिंबाची बाग आहे. परवा सकाळी सहाला औषध कालवायची तयारी झाली होती. मामाने एकदा आभाळाकडे बघितलं, एकदा मोबाइलकडे, आणि पंप परत शेडमध्ये नेऊन ठेवला. "आज हवा बरोबर न्हाई. फवारलं तर दुपारी सगळं धुऊन जाईल." हवेचा एवढा जाच आहे तर डाळिंब लावलंच कशाला, असं मी विचारलं. मामा हसला. "आपल्याकडची हवा कोरडी, म्हणून तर लावलं की!"

पंप उचलून नेणारी हवा वेगळी आणि बाग लावायला लावणारी हवा वेगळी. मामाने दोन्हींना एकच शब्द वापरला. इंग्रजीत पहिलीला, म्हणजे आज-उद्याच्या हवेला, 'वेदर' म्हणतात आणि दुसरीला, म्हणजे वर्षानुवर्षांच्या हवेला, 'क्लायमेट'. आपणही शाळेत भूगोलाच्या तासाला 'हवा' आणि 'हवामान' अशी जोडी पाठ केली होती, पण पेपर संपला तशी ती विसरलो. आता उद्याच्या पावसाचा अंदाज देतो तो हवामान विभाग, शंभर वर्षांत पृथ्वी तापते तो हवामान बदल, आणि पोराला सर्दी झाली तरी "हवामान बदललंय ना!" शब्दच असा ऐसपैस म्हटल्यावर जानेवारीत कुडकुडत "कुठाय तुमचं ग्लोबल वॉर्मिंग?" म्हणणाऱ्याला तरी किती दोष द्यायचा?

या दोन शब्दांची कुळंही निराळी. 'वेदर'चं मूळ वाहण्याच्या धातूशी जातं, म्हणजे आपल्या 'वात' आणि 'वायू'शी त्याचं लांबचं नातं आहे. 'क्लायमेट' आला ग्रीक 'क्लिमा'वरून. क्लिमा म्हणजे उतार, कल. सूर्याचे किरण कुठे किती तिरपे पडतात, यावरून ग्रीकांनी पृथ्वीचे पट्टे पाडले होते. एक शब्द वाऱ्याचा, दुसरा उन्हाच्या तिरपेपणाचा.

क्लायमेट ठरवायला किती वर्षांच्या नोंदी लागतात? हवामानशास्त्रज्ञांनी 1935 साली वॉर्सात 30 वर्षांचं माप ठरवलं आणि 1901 ते 1930 हा पहिला काळ धरला. सध्या 1991 ते 2020 ची सरासरी चालते. "सोलापूरचा पारा सरासरीपेक्षा दोन अंशांनी जास्त" अशी बातमी येते, तेव्हा त्यातला पारा वेदरचा असतो आणि सरासरी क्लायमेटची.

सोलापूरच्या क्लायमेटवर पहिला हात सह्याद्रीचा. अरबी समुद्रावरून येणारं बाष्प घाट चढताना थंड होतं आणि तिकडेच रितं होतं. इकडे उतरणारी हवा तापते, कोरडी होते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि आपल्याकडे सहाशे-सातशेच्या आसपास. त्यातही जोर जून-जुलैत नाही, सप्टेंबरात. म्हणून इथली मोठी ज्वारी रब्बीची. परतीच्या पावसाची ओल काळ्या रानात मुरवायची आणि त्या ओलीवर पेरायचं. दिवाळीच्या सुमारास पाऊस आलाच तर "पडतील स्वाती, तर पिकतील माणिक मोती". मंगळवेढ्याकडे ही ज्वारी जमिनीतल्या पेवात भरून ठेवायचे. पाऊस अधूनमधून दगा देणारच, हे पेव खणणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. कोणत्या वर्षी देणार, ते मात्र कुणालाच नाही. दुष्काळात धान्याची कोठारं लोकांना उघडून देणाऱ्या दामाजीपंतांची गोष्ट याच मुलखातली.

दोन आठवड्यांपलीकडचं वेदर धड सांगता येत नाही, मग पन्नास वर्षांनंतरच्या गप्पा कशाला, असं लोक विचारतात. प्रश्न रास्त आहे. उद्याचा ढग आजच्या हवेच्या बारीकसारीक हालचालींवर ठरतो. त्या मोजताना राहिलेली चूक दिवसागणिक फुगत जाते, आणि दोनेक आठवड्यांत अंदाजाला काही अर्थ उरत नाही. क्लायमेटला त्या बारकाव्यांशी देणंघेणं नसतं. सूर्य किती तापवतो, डोंगर कुठे आहे, समुद्र किती लांब, हवेत कार्बन डायऑक्साइड किती, यावर तो ठरतो. पुढच्या वर्षी 14 मे रोजी दुपारी सोलापुरात वळीव येईल का, हे मला सांगता येणार नाही. पण तो मे महिना डिसेंबरपेक्षा गरम असेल, यावर कुणीही पैज लावावी.

वेदरशी थोडीफार छेडछाडही करता येते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात सोलापुरात ढगबीजनाचे प्रयोग केले. 276 ढग निवडले, त्यातल्या काहींत विमानातून क्षारांचे कण सोडले, बाकीचे तुलनेसाठी नुसते पाहिले. बीज टाकलेल्या ढगांचा पाऊस काही ठिकाणी वाढला. मात्र त्यासाठी ढग आधी आलेला असावा लागतो. सह्याद्री कुणी हलवू शकत नाही.

डाळिंबाचं त्रांगडं नेमकं या दोन्हींच्या मध्ये आहे. कोरडी हवा या झाडाला मानवते. चार दिवस ढगाळ, दमट गेले की पावसाच्या थेंबांबरोबर तेल्या रोगाचे जिवाणू पानावरून फळावर उडतात आणि फळावर काळे तेलकट डाग पडून ते तडकतं. मृग बहाराचं, म्हणजे जून-जुलैच्या फुलोऱ्याचं, फळ ऐन पावसाळ्यात वाढतं, म्हणून मामाने यंदा हस्त बहार, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरचा फुलोरा, धरला. त्याचं फळ कोरड्या थंडीत पोसतं. पण त्याआधी पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो, तो ऑगस्ट-सप्टेंबरात. म्हणजे आपल्याकडे सर्वांत जास्त पाऊस असतो तेव्हाच!

"सप्टेंबरचा आता भरवसा न्हाई," मामा म्हणाला. 2020 च्या ऑक्टोबरात बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा थेट आपल्याकडे चाल करून आला आणि भीमेला पूर आला. 2025 च्या सप्टेंबरात सीना नदीने गावंच्या गावं पाण्यात घातली. हे वेदर की क्लायमेट? हवा तापली की ती बाष्प जास्त धरते, अंशामागे साधारण सात टक्के, त्यामुळे असे ढगफोडे पाऊस वाढणं शास्त्राला धरून आहे. पण दोन पुरांवरून सोलापूरचा क्लायमेट बदलला असं म्हणायला 30 वर्षांची वही हवी. आणि मामाची बाग फार तर पंधरा-वीस वर्षं टिकायची.

पाऊस काही आला नाही. चारच्या सुमाराला मामाने पुन्हा मोबाइल बघितला, वाऱ्याची दिशा बघायला चिमूटभर माती उडवली आणि पंप पाठीवर घेतला.