धुळीचा आकडा आणि धुळीचा उगम : हवेचा नमुना मागवण्यापूर्वी वाचावे

जळगाव, भुसावळ आणि धुळे परिसरातील डाळमिल, जिनिंग, चटई कारखाने व खडी क्रशर यांच्या आवारात आम्ही हवेतील धूलिकणांचे नमुने घेतो. जळगाव शहराचा समावेश राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात झाल्यापासून ही मागणी वाढली आहे आणि अहवाल हाती पडल्यावर बहुतेक ग्राहक एकच गोष्ट विचारतात : “आकडा कळला, पण ही धूळ कोणाची?” प्रश्न रास्त आहे, परंतु तो नमुना घेऊन झाल्यावर विचारला, तर पुन्हा यंत्र बसवून आणखी 24 तास घालवण्यावाचून आमच्यापुढे मार्ग राहत नाही.

पीएम 2.5 चे, म्हणजे 2.5 मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कणांचे, यंत्र दिवसभरात सुमारे 24 घनमीटर हवा 47 मिलिमीटर व्यासाच्या टेफ्लॉनच्या फिल्टर पेपरमधून ओढते. 2009 च्या राष्ट्रीय मानकांनुसार 24 तासांची मर्यादा घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम असून पीएम 10 साठी (10 मायक्रोमीटरपर्यंतचे कण) ती 100 आहे. हवा नेमकी 60 वर असली, तरी त्या पेपरवर दीड मिलिग्रॅमही धूळ जमत नाही. म्हणूनच आमची माणसे पेपरला बोट लावू देत नाहीत, याचा राग मानू नये. टेफ्लॉन ओलावा फारसा धरत नाही, त्यामुळे वजनाला तो उत्तम, आणि सिलिकॉन, लोह, पोटॅशियम, गंधक यांसारखी मूलद्रव्येही त्यावरून मोजता येतात. धुरातील कार्बन मात्र मोजता येत नाही, कारण टेफ्लॉनमध्ये मुळातच कार्बन असतो. त्यासाठी आधी भट्टीत तापवून घेतलेला क्वार्ट्झचा पेपर शेजारच्या दुसऱ्या यंत्रात त्याच वेळी लावावा लागतो. दोन यंत्रांचे भाडे आम्ही विनाकारण लावतो, असा समज आहे; कारण हे आहे.

घटक कळले की उगमाचा माग लागतो. पराट्या (कपाशीची वाळलेली झाडे) किंवा चुलीतील लाकूड जळाले की पोटॅशियम वाढते, डिझेलच्या धुरात काळा कार्बन जास्त असतो, पीव्हीसीचा कचरा जाळला की क्लोरीन दिसते. सिलिकॉन व ॲल्युमिनियम रस्त्याच्या मातीतही असतात आणि औष्णिक केंद्राच्या राखेतही, त्यामुळे तेवढ्यावरून आम्ही कोणाकडे बोट दाखवत नाही. बारीक कणांचा मोठा वाटा तर धूळ म्हणून उडालेलाच नसतो : कोळशाच्या धुरातील सल्फर डायऑक्साइड, वाहनांचे नायट्रोजन ऑक्साइड आणि युरिया व शेणखतातून सुटणारा अमोनिया यांच्यापासून हवेतच सल्फेट व नायट्रेटचे कण तयार होतात आणि शेकडो किलोमीटर वाहत जातात. हिवाळ्यात थंड हवा जमिनीलगत कोंडते, तेव्हा आपले आवार स्वच्छ असूनही आकडा चढतो, तो पुष्कळदा यामुळे.

पाहुणे येणार म्हणून अंगण झाडावे, तसे काही ठिकाणी यंत्र सुरू असतानाच आवार झाडले जाते. त्याने पीएम 10 वाढतो आणि त्या दिवसाचा नमुना आम्ही बाद धरतो.

उगमाविषयी अहवाल हवा असल्यास मागणीपत्रावर “घटक-पृथक्करणासह” असे लिहावे आणि जवळची भट्टी, रस्ता किंवा कचरा जाळण्याची जागा कोणत्या दिशेला आहे, तेही नमूद करावे. यंत्र कोठे बसवायचे, हे ठरवण्यासाठी आमचा माणूस आदल्या दिवशी येऊन जागा पाहून जातो. त्या भेटीचे शुल्क आम्ही घेत नाही.