परीस, वज्र, क्रिप्टोनाइट: जादूच्या पदार्थांमागचा इतिहास

परीस लोखंडाचं सोनं करतो. त्या सोन्याने मात्र दुसऱ्या लोखंडाचं सोनं होत नाही, आणि परिसाच्या स्पर्शाने दुसरा परीसही तयार होत नाही. या मर्यादा मराठी वाचकाला पाठ आहेत, कारण संतांनी त्यांच्यावर मोठा दृष्टान्त उभा केला. दासबोधाच्या पहिल्या दशकातल्या सद्गुरुस्तवनात समर्थ हेच मांडतात: परीस कुणाला आपल्यासारखं करत नाही, सद्गुरू करतो. परिसाची मर्यादा सैल केली की दृष्टान्तच कोसळतो, म्हणून ती शतकानुशतकं तशीच राहिली. फँटसी वेबकॉमिक, म्हणजे इंटरनेटवर भागाभागाने येणारी चित्रकथा, रचणाऱ्याला यातून थेट घेण्याजोगं काही असेल तर ते हे: जिच्यावर कथेचा भार आहे ती मर्यादा टिकते, नुसती माहिती म्हणून लिहिलेली निसटते.

निसटण्याची उदाहरणं जुनी आहेत. ऋग्वेदात इंद्राचं वज्र त्वष्टा घडवतो. पुराणांत तेच दधीचींच्या अस्थींचं होतं आणि पुढे वज्र हे हिऱ्याचंही नाव बनतं. ग्रीकांकडे हाच प्रवास ‘अ‍ॅडमास’ने केला. प्राचीन कवी हेसिअडच्या काव्यात क्रोनस या देवाचा कोयता या पदार्थाचा आहे, नंतर हाच शब्द हिऱ्याला लागला. प्लेटोने अटलांटिस या दंतकथेतल्या बेटाच्या वर्णनात ओरिकॅल्कम हा सोन्याखालोखाल मोलाचा, लालसर झळाळीचा धातू सांगितला. रोमन काळात त्याच नावाने पितळ ओळखलं जाई. सिसिलीतल्या गेलाजवळ समुद्रतळाशी 2014 मध्ये 39 लगडी सापडल्या. त्या मुख्यतः तांबं आणि जस्ताच्या निघाल्या, तरी बातम्यांत झळकलं ते अटलांटिसचंच नाव. गुणधर्म बदलले तरी नाव तगून राहतं, ते असं.

वराहमिहिराची पद्धत याहून वेगळी आहे, आणि तीच अधिक उपयोगी. सहाव्या शतकातल्या बृहत्संहितेत तो वज्रलेपाची, म्हणजे मूर्ती आणि वास्तूंना लावायच्या चिवट लेपाची, कृती देतो: कच्ची टेंभुर्णी, कच्ची कवठं, सावरीची फुलं वगैरे एक द्रोण (हे जुनं माप) पाण्यात उकळून अष्टमांश काढा उरवायचा, मग त्यात गुग्गुळ, राळ, बिब्बा, जवस, बेलाचा गर घालायचा. लगेच पुढे वज्रसंघात हा धातूंचा लेप येतो: 8 भाग शिसं, 2 भाग कांसं, 1 भाग पितळ, आणि कृती मय या असुरशिल्पीची म्हणून सांगितलेली. लेप कोटी वर्षं टिकतो हा दावा अफाट आहे. पण घटक आणि प्रमाण ठरलेलं असल्यामुळे पदार्थ हाताला लागल्यासारखा वाटतो. पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीवर होणारा वज्रलेप आजच्या रसायनांचा असतो. नाव तेवढं जुनं.

कॉमिक्समध्ये घसरण वेगाने झाली, कारण दर महिन्याला नवं संकट हवं होतं. सुपरमॅनला दुबळं करणारं क्रिप्टोनाइट आधी 1943 मध्ये त्याच्या रेडिओ मालिकेत आलं, छापील कॉमिकमध्ये 1949 साली. पुढे रंग वाढत गेले: लालचा परिणाम दर वेळी निराळा, सोनेरीने शक्ती कायमची जाणार, पांढऱ्याने झाडं मरणार. 1971 मध्ये एका कथेत पृथ्वीवरच्या सगळ्या क्रिप्टोनाइटचं लोखंड करून टाकावं लागलं, आणि तरी ते परत आलंच. मार्व्हल या कॉमिक्स कंपनीने व्हायब्रेनियम या काल्पनिक धातूबाबत शहाणपणा दाखवला. 1966 च्या फेब्रुवारीत ते इतर धातू वितळवणारं होतं, ऑगस्टमध्ये कंपनं शोषणारं. पुढे हे दोन प्रकार मानले गेले, एक अंटार्क्टिकाचा आणि एक वाकांडा या काल्पनिक देशाचा. जुनं पान खोटं न ठरवता नाव फोडायचं, ही दुरुस्ती वेबकॉमिकला सर्वांत जास्त जुळते. तिथे पहिला भाग कायम एका क्लिकवर असतो आणि नवा वाचक तिथूनच सुरुवात करतो.

म्हणून प्रत्येक पदार्थाची एक नोंद हवी. पदार्थ काय करतो याच्या आधी काय करू शकत नाही ते लिहावं, आणि त्या मर्यादेवर कथेतला कोणता प्रसंग उभा आहे तेही. पहिल्यांदा दिसला तो भाग आणि चौकट, कोणत्या पात्राला त्याविषयी किती ठाऊक, कोण चुकीचं समजतं, हे टिपलं की संवादातली विसंगती पात्राचं अज्ञान आहे की लेखकाची चूक, ते कळतं. घनता सुरुवातीलाच ठरवावी. 9 × 4 × 3 इंचांची वीट पोलादाची असेल तर जवळपास 14 किलो भरते, सोन्याची असेल तर 34. ती एका हातात घेऊन पळणारी नायिका लगेच खटकते. रंगाचा हेक्स कोड (संगणकावरचा रंगक्रमांक) लिहून भागत नाही. चमकेचा लेअर ‘स्क्रीन’ किंवा ‘अ‍ॅड’ मोडमध्ये, म्हणजे मागच्या रंगात मिसळून उजळणाऱ्या पद्धतीत, असला की मागच्या रंगाप्रमाणे तोच निळा कधी हिरवट, कधी पांढुरका दिसतो. म्हणून मूळ रंग, लेअरचा मोड आणि अपारदर्शकता तिन्ही नोंदवावं, शिवाय दिवसा आणि रात्री दिसणारा एकेक नमुना जोडावा.

नावाचं म्हणाल तर ‘-ियम’ हा प्रत्यय हम्फ्री डेव्हीने 1807 मध्ये पोटॅशियम, सोडियमला लावला. अ‍ॅडमँटियम, व्हायब्रेनियम ही काल्पनिक धातूंची नावं त्याच वळणाची. आपल्याकडे ‘-कांत’ तयार आहे: सूर्यकांत उन्हाने पेटतो, चंद्रकांत चांदण्यात पाझरतो, अयस्कांत लोखंड ओढतो. धूम्रकांत म्हटलं की हा मणी धुराला प्रतिसाद देणार, हे वाचकाला न सांगता उमगतं. मग तो पाण्याला प्रतिसाद देताना दाखवता येत नाही, आणि ही अडवणूक फायद्याचीच आहे. नाव पक्कं करतानाच लिंग आणि सामान्यरूप ठरवावं. परीस, परिसाने, मणी, मण्याने. संवादाच्या एका फुग्यात ‘धूम्रकांताने’ आणि दुसऱ्यात ‘धूम्रकांतने’ आलं, तर वाचक ते माणसाचं नाव समजतो. जोडाक्षरंही लेटरिंगच्या फॉन्टमध्ये, मोबाइलवर दिसतात त्या आकारात, आधी तपासावीत: ‘धूम्र’मधला म्र बारीक अक्षरात भरून जातो.