ट्रान्सपरन्सी छपाईत चालत नाही, हे कितपत खरं?

‘फाइल प्रेसला देण्याआधी सगळी ट्रान्सपरन्सी काढा, तिथे सॉलिड ग्रेडियंट भरा, नाहीतर पांढरे चौकोन छापून येतील.’ डीटीपी करणारे वर्षानुवर्षं एकमेकांना हेच सांगत आलेत. ट्रान्सपरन्सी म्हणजे पारदर्शकता, जशी खालचं चित्र आरपार दिसू देणारी सावली; ग्रेडियंट म्हणजे एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाणारी छटा.

या सल्ल्याला कारण होतं. पोस्टस्क्रिप्टमध्ये, म्हणजे छपाईयंत्राला पान समजावून सांगणाऱ्या भाषेत, पारदर्शकतेची सोयच नव्हती. त्यामुळे सावली आधी ‘फ्लॅटन’ करावी लागे, म्हणजे एकमेकांवर आलेल्या भागांचे अपारदर्शक तुकडे पाडावे लागत. त्यात स्पॉट रंग (वेगळ्या तयार शाईने छापायचा रंग) असला आणि ओव्हरप्रिंट (खालचा रंग न कापता त्यावरच वरचा छापणं) बंद राहिला, तर सावलीभोवती पांढरा चौकोन खरंच उमटे. ज्यांच्या पत्रिका अशा वाया गेल्या, त्यांची धास्ती रास्तच होती.

पण २००१ साली आलेल्या पीडीएफ १.४ मध्ये पारदर्शकता जशीच्या तशी टिकते. छपाईसाठी ठरवलेल्या पीडीएफच्या प्रकारांपैकी पीडीएफ/एक्स-१ए तिला मनाई करतं, एक्स-४ मुभा देतं. तेव्हा प्रेसला एवढंच विचारा: एक्स-४ घेता का?

सरसकट बदल केल्याने कामच बिघडतं, याचं मला वाईट वाटतं. फोटोवर पडलेल्या सावलीच्या जागी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा ग्रेडियंट टाकला, की खालचा फोटो झाकला जातो. पार्श्वभूमी एकरंगी असेल तर ग्रेडियंट खुशाल वापरा, फक्त त्याचं दुसरं टोक पार्श्वभूमीच्याच रंगाचं ठेवा.

तपासायला अ‍ॅक्रोबॅटमध्ये आउटपुट प्रिव्ह्यू उघडा आणि ओव्हरप्रिंट चालू करून पाहा. बारीक पांढऱ्या रेघा दिसल्या तर झूम वाढवा. रेघ जाड होत नसेल, तर ती बहुधा फक्त स्क्रीनवरची असते.